सर्राचा परजीवी आणि माणसाच्या रक्तातील पहारेकरी

चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला २००४ साली सुमारे पाच महिने ताप येत-जात होता. नागपूर येथील डॉक्टरांना त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा एकपेशीय परजीवी आढळला. घोडे, उंट, गाई-म्हशी यांना होणाऱ्या 'सर्रा' रोगाचा हा जंतू. त्याने माणसाला ग्रासल्याची, प्रयोगशाळेत जनुकीय चाचण्यांनी सिद्ध झालेली ही जगातील पहिली नोंद असून ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला.

या परजीवीचा शोध भारतीय उपखंडातच लागला. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंटांच्या रक्तात तो पाहिला. मात्र त्याचे मूळ घराणे आफ्रिकेतले आहे. तेथील ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा जंतू त्सेत्से माशीच्या शरीरात वाढतो, म्हणून ही माशी जेथे असेल तेथेच तो टिकतो. इव्हान्सीने आपल्या जनुकीय साहित्याचा एक भाग गमावला आणि त्याबरोबर माशीच्या शरीरात वाढण्याची क्षमताही गेली. हा तोटाच त्याच्या पथ्यावर पडला. कोणत्याही चावऱ्या गोमाशीच्या सोंडेवरून तो एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ लागला आणि आशिया व दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरला. असा बदल एकदाच नव्हे, तर ब्रुसीच्या निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडल्याचे जनुकीय अभ्यासांतून दिसते.

ताप येतो-जातो तो का?

या घराण्यातील जंतूंच्या पृष्ठभागावर प्रथिनाचे आवरण असते. ते बदलण्यासाठी ब्रुसीकडे हजाराहून अधिक जनुकांचा साठा आहे. शरीराने एक आवरण ओळखून प्रतिकार सुरू करावा, तोवर काही जंतू दुसरे आवरण चढवतात. रक्तातील जंतूंची संख्या त्यामुळे कमी-जास्त होते आणि तापही त्याप्रमाणे चढतो-उतरतो. या रोगावर परिणामकारक लस तयार करणे कठीण जाते तेही याच कारणाने.

माणसाच्या रक्तात 'अपोएल-१' नावाचे प्रथिन असते. ते बहुतेक ट्रिपॅनोसोमांना फोडून मारते. पूर्व आफ्रिकेत निद्रारोग पसरविणाऱ्या ऱ्होडेसिएन्स या उपप्रकाराने एका जनुकाच्या बळावर या प्रथिनाला निष्प्रभ केले आहे. इव्हान्सीजवळ ते जनुक नाही. मग तो चंद्रपूरच्या शेतकऱ्याच्या रक्तात कसा टिकला? याचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. या शेतकऱ्याला आई व वडील या दोघांकडून आलेल्या जनुकांच्या दोन्ही प्रतींत दोष होता. त्यामुळे त्याच्या रक्तात हे प्रथिनच नव्हते.

रुग्णाच्या गावातील १,८०६ जणांची तपासणी करण्यात आली. काहींच्या रक्तात जंतूशी संपर्क आल्याच्या खुणा मिळाल्या, पण प्रत्यक्ष जंतू कोणातही सापडला नाही. तेव्हा धोका केवळ दुर्मीळ जनुकीय दोष असलेल्यांनाच आहे, असे वाटू लागले. व्हिएतनाममधील एका महिलेच्या उदाहरणाने या समजुतीला तडा दिला. तिचे अपोएल-१ जनुक निर्दोष होते, तरीही तिला इव्हान्सीची लागण झाल्याची नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. कच्चे गोमांस हाताळताना झालेली जखम हा लागणीचा संभाव्य मार्ग मानला गेला.

दोन विद्यापीठे, एक जंतू

महाराष्ट्रात मानवी वैद्यकाचे शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत, तर पशुवैद्यकाचे नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. हा परजीवी मात्र दोन्ही शास्त्रांचा विषय आहे. गोठ्यात सर्रा आढळला की जनावरांवर वेळीच उपचार व्हावेत आणि माश्यांचा बंदोबस्त व्हावा. मांस कापताना हाताला जखम होणार नाही, याचीही काळजी घ्यावी. जनावरांच्या सान्निध्यात राहणाऱ्या रुग्णाचा ताप वारंवार उलटत असेल, तर रक्ताची काचपट्टी पाहताना केवळ हिवतापाचा जंतू शोधून थांबू नये. चंद्रपूरच्या शेतकऱ्याचे निदान झाले ते रक्तातील हा अनपेक्षित जंतू ओळखला गेला म्हणूनच.