वाराणसीतील स्त्रीशिक्षण : प्रवेशापासून समान वागणुकीपर्यंत

उत्तर प्रदेशातील वाराणसी हे नगर शतकानुशतके विद्येचे केंद्र म्हणून ओळखले जाते. आधुनिक काळात मुलींसाठी स्वतंत्र शाळा आणि महाविद्यालये स्थापन करण्यातही हे नगर अग्रेसर राहिले. तथापि, सप्टेंबर २०१७ मध्ये येथील बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर विद्यार्थिनींनी केलेल्या आंदोलनामुळे एक जुना प्रश्न नव्याने देशासमोर आला. शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळणे आणि प्रवेशानंतर मुलांच्या बरोबरीने वागणूक मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट वाराणसीत पुष्कळ अंशी साध्य झाली. दुसरीसाठीचा आग्रह अद्याप सुरू आहे.

आरंभीचे प्रयत्न

ॲनी बेझंट यांनी १८९८ मध्ये वाराणसीत सेंट्रल हिंदू कॉलेजची स्थापना केली. त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे १९०४ मध्ये, मुलींसाठी सेंट्रल हिंदू गर्ल्स स्कूल सुरू झाले. त्या काळी मुलींना घराबाहेर शिकण्यासाठी पाठवण्यास अनेक कुटुंबे तयार नसत. अशा परिस्थितीत ही शाळा सुरू होणे हे धाडसाचे पाऊल होते. मात्र, मुलींचे शिक्षण मुलांच्या शिक्षणापेक्षा वेगळे असावे आणि त्यात गृहजीवनाच्या तयारीला महत्त्व असावे, असे मत बेझंट यांनी त्याच सुमारास मांडले होते.

हा विचार केवळ वाराणसीपुरता मर्यादित नव्हता. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी बनारस हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी झाली. त्याच वर्षी महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महाराष्ट्रात महिला विद्यापीठ सुरू केले. जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून कर्वे यांनी मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांच्या गरजांना अनुरूप अभ्यासक्रम यांवर भर दिला. या धोरणामुळे हजारो स्त्रियांना उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचा अभ्यासक्रम ठरू नये, हा वाद मात्र त्या वेळेपासून सुरू झाला.

वाराणसीत १९१३ मध्ये मुलींसाठी स्थापन झालेले वसंत महिला महाविद्यालय पुढे राजघाट येथे गंगातीरी स्थिरावले. १९२९ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने विश्वविद्यालयाच्या आवारातच महिला महाविद्यालय सुरू करण्यात आले. या महाविद्यालयात अध्यापन केलेल्या आशादेवी आर्यनायकम् पुढे शांतिनिकेतनमार्गे वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे आल्या आणि महात्मा गांधी यांच्या नई तालीम कार्याच्या आधारस्तंभ ठरल्या. १९५४ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले.

वेदाध्ययनाचा अधिकार

प्रवेश मिळाल्यानंतर कोणता विषय शिकता येईल, हा पुढचा प्रश्न होता. १९४६ मध्ये कल्याणी देवी या विद्यार्थिनीला विश्वविद्यालयात वेदाच्या वर्गात प्रवेश नाकारण्यात आला. स्त्रियांना वेदाध्ययनाचा अधिकार नाही, असे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. या निर्णयावर मोठा वाद झाला आणि प्रकरण विद्वानांच्या समितीकडे सोपवण्यात आले. शास्त्रग्रंथांच्या विचारानंतर निर्णय विद्यार्थिनीच्या बाजूने लागला आणि तिला प्रवेश मिळाला.

१९७१ मध्ये प्रज्ञादेवी आणि मेधादेवी या विदुषींनी वाराणसीत पाणिनि कन्या महाविद्यालय सुरू केले. येथे मुली पाणिनीय व्याकरणाबरोबरच वेदपठणाचे शिक्षण घेतात आणि धार्मिक संस्कारांत पौरोहित्यही करतात. ज्या नगरीत एका मुलीला वेदाच्या वर्गासाठी झगडावे लागले, त्याच नगरीत पंचवीस वर्षांनी मुलींसाठी वेदविद्येची स्वतंत्र संस्था उभी राहिली.

शालेय शिक्षणाची स्थिती

उच्च शिक्षणातील हा इतिहास उज्ज्वल असला, तरी सर्वसामान्य मुलींच्या शालेय शिक्षणाचे चित्र वेगळे राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार वाराणसी जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सुमारे ८४ टक्के, तर स्त्रियांची सुमारे ६७ टक्के होती. म्हणजेच नामांकित विद्यापीठ असलेल्या या जिल्ह्यातही दोहोंमध्ये सुमारे १७ टक्क्यांची तफावत होती. त्याच जनगणनेत उत्तर प्रदेशातील स्त्री-साक्षरता सुमारे ५७ टक्के नोंदवली गेली.

प्राथमिक शाळेनंतर मुलींचे शिक्षण खंडित होण्यामागे अनेक कारणे असतात. पुढची शाळा गावापासून दूर असणे, धाकट्या भावंडांची व घरकामाची जबाबदारी, लवकर होणारा विवाह आणि स्वच्छतागृहांचा अभाव ही त्यांतील प्रमुख कारणे होत. ही अडचण लक्षात घेऊन केंद्र शासनाने २००४ मध्ये कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय योजना सुरू केली. शैक्षणिकदृष्ट्या मागास गटांमध्ये उच्च प्राथमिक स्तरावरील निवासी शाळा उघडणे, हे या योजनेचे स्वरूप आहे. या शाळांतील किमान ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक समाजांतील मुलींसाठी, तर उर्वरित जागा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींसाठी ठेवण्यात आल्या.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणाचा हक्क कायदा लागू झाला आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार मिळाला. मात्र मुलींची गळती प्रामुख्याने ज्या वयात वाढते, ते वय या कायद्याच्या मर्यादेपलीकडे राहिले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा अभियानात कस्तुरबा विद्यालयांची सोय बारावीपर्यंत वाढवण्याची तरतूद करण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुलींच्या व तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र समावेशन निधीची तरतूद सुचवण्यात आली. स्वच्छतागृहे, सायकली आणि वसतिगृहे यांसारख्या सोयींसाठी हा निधी वापरला जावा, असा त्यामागील हेतू आहे.

२०१७ चे आंदोलन

२१ सप्टेंबर २०१७ रोजी सायंकाळी विश्वविद्यालयाच्या आवारात वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची मोटारसायकलवरून आलेल्या तरुणांनी छेड काढली. जवळच असलेल्या सुरक्षारक्षकांनी मदत केली नाही आणि तक्रार केल्यावर तिलाच उशिरा परतण्याबद्दल विचारणा झाली, असा विद्यार्थिनींचा आरोप होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून विद्यार्थिनींनी लंका भागातील विश्वविद्यालयाच्या सिंहद्वारावर धरणे धरले. पंतप्रधान नरेंद्र मोदी त्या वेळी आपल्या मतदारसंघाच्या म्हणजे वाराणसीच्या दौऱ्यावर होते. त्यामुळे या आंदोलनाकडे देशभरातील प्रसारमाध्यमांचे लक्ष वेधले गेले.

अंधाऱ्या रस्त्यांवर दिवे, सीसीटीव्ही कॅमेरे, महिला सुरक्षारक्षकांची नेमणूक आणि तक्रारींची तत्काळ दखल, या विद्यार्थिनींच्या मुख्य मागण्या होत्या. कुलगुरूंनी प्रवेशद्वारावर येऊन आपल्याशी बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. २३ सप्टेंबरच्या रात्री पोलिसांनी लाठीमार केला आणि त्यात विद्यार्थिनींसह अनेकजण जखमी झाले. त्यानंतर विश्वविद्यालयाला दसऱ्याची सुटी मुदतीपूर्वीच जाहीर करण्यात आली.

वाराणसीच्या विभागीय आयुक्तांनी शासनाला दिलेल्या अहवालात, विश्वविद्यालय प्रशासनाने प्रकरण संवेदनशीलतेने हाताळले नाही, असा ठपका ठेवला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेही नोटिसा बजावल्या. शिस्त व सुरक्षेची जबाबदारी असलेल्या मुख्य प्रॉक्टरांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी प्राध्यापिका रोयाना सिंह यांची नियुक्ती झाली. या पदावर महिलेची नियुक्ती होण्याची ही पहिलीच वेळ होती.

सुरक्षा आणि समानता

विश्वविद्यालयाच्या कायद्यानुसार स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश खुला आहे. परंतु वसतिगृहात परतण्याची वेळ, भोजन, दूरध्वनीचा वापर आणि आंदोलनातील सहभाग यांबाबत मुलींवर घातलेली बंधने मुलांवर नसतात, अशी तक्रार येथील विद्यार्थिनी आंदोलनापूर्वीपासून करीत होत्या. विशेष म्हणजे, यासंदर्भातील नियम देशात आधीच अस्तित्वात होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये केलेली आणि मे २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेली विनियमावली याबाबत स्पष्ट आहे. सुरक्षेचे कारण देऊन विद्यार्थिनींच्या वसतिगृहात मुलांच्या तुलनेत भेदभाव करणारे नियम लादता येणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती नेमणे आणि तिने ९० दिवसांच्या आत चौकशी पूर्ण करणे बंधनकारक आहे. नियम न पाळणाऱ्या संस्थेचे अनुदान रोखण्याचा अधिकारही आयोगाला आहे.

तरीही हा प्रश्न सोपा नाही. नोव्हेंबर २०२३ च्या प्रारंभी याच परिसरातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या एका विद्यार्थिनीवर रात्री लैंगिक अत्याचार झाला. या प्रकरणी डिसेंबरअखेर तिघांना अटक करण्यात आली. घटनेनंतर संस्थेच्या विद्यार्थ्यांनी परिसर बाहेरच्या लोकांसाठी बंद करण्याची मागणी केली आणि संस्था व विश्वविद्यालय यांच्यामध्ये भिंत उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. विश्वविद्यालयातील विद्यार्थ्यांनी मात्र भिंतीला विरोध केला.

रस्त्यावर दिवा लावणे, रक्षकाने वेळेवर धावून येणे आणि तक्रारीची चौकशी मुदतीत पूर्ण होणे ही जबाबदारी संस्थेची असते. वसतिगृहाचे दार लवकर बंद केल्यास तोच भार विद्यार्थिनीवर पडतो. सायंकाळचे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि व्याख्याने तिच्या वाट्याला येत नाहीत; म्हणजेच समान शुल्क भरूनही तिला मिळणारे शिक्षण कमी होते. दूरची शाळा सुरक्षित नाही म्हणून मुलीला घरी बसवणाऱ्या पालकांचा युक्तिवादही याहून फारसा निराळा नसतो. निवासी कस्तुरबा विद्यालयांनी या अडचणीवर सोयी वाढवण्याचा मार्ग स्वीकारला. २०१७ मध्ये सिंहद्वारावर बसलेल्या विद्यार्थिनींच्या मागण्यांचा रोखही त्याच दिशेने होता.