घरगुती नेटवर्क आणि डिजिटल ध्वनीची गुणवत्ता

घरगुती नेटवर्क आणि डिजिटल ध्वनीची गुणवत्ता यांचा संबंध हा उच्च दर्जाच्या घरगुती ध्वनियंत्रणेच्या क्षेत्रातील एक दीर्घकाळ चाललेला वादविषय आहे. घरातील संगणकावर किंवा आंतरजालावरील सेवेत साठवलेले संगीत राउटर, स्विच, केबल अथवा वाय-फाय यांच्या मार्गाने प्लेयरपर्यंत पोहोचते. या मार्गातील घटक बदलल्याने कानावर पडणाऱ्या ध्वनीत फरक पडतो काय, हा या वादाचा गाभा होय. सदोष नेटवर्कमुळे संगीत अडखळू शकते आणि केबलच्या धातूतून विद्युत गोंगाट ध्वनियंत्रणेत शिरू शकतो, या दोन गोष्टी अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्विवाद आहेत. महाग केबल किंवा खास स्विच घेतल्याने स्वर अधिक मोकळे वा गोड होतात, या दाव्याला मात्र तसा आधार नाही.

पार्श्वभूमी

या वादाचे मूळ नेटवर्कपेक्षा जुने आहे. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आल्यानंतर काही वर्षांतच तबकडी वाचणारे यंत्र आणि अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक, म्हणजेच बोलीभाषेतील ‘डॅक’, वेगवेगळ्या पेट्यांत मिळू लागले. या दोन पेट्या सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेल्या एस/पीडीआयएफ या पद्धतीने जोडल्या जात. या पद्धतीत ध्वनीचे नमुने आणि त्यांची कालगती एकाच तारेतून, एकाच संकेतात मिसळून जातात. डॅकला आलेल्या संकेतातूनच घड्याळाचा ठोका शोधून काढावा लागतो. हा ठोका किंचित मागेपुढे झाला की त्याला ‘जिटर’ म्हणतात, आणि तो पुरेसा मोठा असल्यास ध्वनीत मोजता येण्याजोगी विकृती येते. त्यामुळे त्या काळी केबल आणि पाठवणारे यंत्र यांच्याविषयी चोखंदळ असण्यास सबळ कारण होते. पुढे जोडणीची पद्धत बदलली, पण चोखंदळपणा जुन्याच जागी राहिला.

घरगुती नेटवर्कचा पाया असलेले इथरनेट १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित करण्यास प्रारंभ केला. कार्यालयातील संगणक व मुद्रणयंत्रे एकमेकांना जोडणे हा त्यामागील हेतू होता. १९८३ मध्ये त्याचे ८०२.३ हे मानक सिद्ध झाले. संगीतासाठी त्याचा घरगुती वापर सुरू झाला तो २००१ च्या सुमारास. मूळ माहितीतील एकही बिट न गमावता फाइल लहान करणारी फ्लॅक ही पद्धती आणि स्लिम डिव्हायसेस या कंपनीचा नेटवर्कवरील प्लेयर ही दोन्ही त्याच वर्षाची. सोनोसची पहिली उपकरणे २००५ मध्ये आली. ग्लासगोजवळील लिन या कंपनीने २००७ मध्ये क्लायमॅक्स डीएस हा महागडा नेटवर्क प्लेयर आणला आणि दोनच वर्षांनी सीडी प्लेयर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. अशा नामांकित कंपनीनेच सीडीचा निरोप घेतल्याने या क्षेत्रात बरीच खळबळ उडाली होती. २०२१ पासून ॲपल म्युझिकने अधिक शुल्क न घेता सीडीच्या आणि त्यावरील दर्जाचे संगीत देण्यास आरंभ केला, तेव्हा हा प्रश्न मूठभर हौशी श्रोत्यांपुरता राहिला नाही.

वेगाचा हिशेब

सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्याला १६ बिट आणि दोन वाहिन्या असतात; म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्‌झ या उच्च दर्जालाही न आकुंचता सुमारे ९.२ मेगाबिट पुरतात. घरातील जुन्यातले जुने इथरनेटही आज बहुधा सेकंदाला १०० मेगाबिटचे असते. पाऊण तासाच्या एखाद्या रागाचे सीडी दर्जाचे ध्वनिमुद्रण सुमारे ४७६ मेगाबाइट भरते. अशा जोडणीवरून ते तत्त्वतः ४० सेकंदांच्या आत घरात इकडून तिकडे जाऊ शकते. गायकाने षड्ज लावून पहिली आलापी पुरी करण्यापूर्वी! त्यामुळे ‘अधिक वेगवान नेटवर्क, म्हणून अधिक चांगला ध्वनी’ हे समीकरण तारेच्या जोडणीपुरते तरी गैरलागू ठरते.

माहितीचा प्रवास आणि घड्याळ

नेटवर्कवरून ध्वनी जात नाही, ध्वनीची फाइल जाते. ही फाइल लहान लहान पॅकेटांत विभागली जाते. इथरनेटच्या एका चौकटीत सामान्यतः जास्तीत जास्त १,५०० बाइट माहिती मावते. प्रत्येक चौकटीच्या शेवटी ३२ बिटांचा पडताळा-अंक असतो. वाटेत बिघाड झालेली चौकट या अंकामुळे ओळखली जाते आणि टाकून दिली जाते. त्यावरील टीसीपी ही व्यवस्था पॅकेटांना अनुक्रमांक देते, न पोहोचलेली पुन्हा मागवते आणि सर्व योग्य क्रमाने लावते. शेवटी प्लेयरच्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, मूळ फाइलची तंतोतंत प्रत तयार होते.

पोथीची सुटी पाने निरनिराळ्या लखोट्यांतून टपालाने पाठवावीत, तसाच हा प्रकार आहे. टपालवाला सकाळी आला की दुपारी, यावर वाचणाऱ्याची लय अवलंबून नसते. पुढचे पान हाती नसेल तर मात्र वाचन थांबते.

डॅक बफरमधील नमुने स्वतःच्या स्फटिक-घड्याळाच्या ठोक्यावर उचलतो. हे घड्याळ सामान्यतः २२.५७९२ किंवा २४.५७६ मेगाहर्ट्‌झचे असते, कारण या संख्या अनुक्रमे ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्‌झच्या ५१२ पट आहेत. स्विचमधील घड्याळ बहुधा २५ मेगाहर्ट्‌झचे असते आणि त्याचे काम शेजारच्या तारेवर बिट चढवण्यापुरते असते. प्रत्येक स्विच आलेले पॅकेट आधी स्मृतीत घेतो आणि मग आपल्या ठोक्यावर पुढे पाठवतो. या दोन घड्याळांचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय बफर रिकामा होऊ लागला की प्लेयर स्वतःच पुढील माहिती मागवतो, म्हणजे गती घेणारा ठरवतो, देणारा नव्हे.

याचा पडताळा कोणत्याही उपकरणाशिवाय घेता येतो. संगीत चालू असताना प्लेयरची नेटवर्क केबल काढून घेतली, तर बफरमधील माहिती संपेपर्यंत, म्हणजे काही सेकंद ते काही मिनिटे, संगीत चालूच राहते. त्या क्षणी केबल, स्विच, राउटर यांपैकी काहीही जोडलेले नसते. नेटवर्क ध्वनीला रंग देत असते, तर केबल काढताच तो रंग उतरायला हवा.

विद्युत गोंगाट

तांब्याची केबल माहितीबरोबर दोन उपकरणांना विद्युतदृष्ट्याही जोडते, आणि या विषयातील खरी भौतिक अडचण येथे आहे. इथरनेटच्या मानकाने याचा विचार आधीच केलेला आहे. प्रत्येक सॉकेटच्या मागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि ही जोडणी १,५०० व्होल्टचा दाब एक मिनिट सहन करील इतकी विलग असावी लागते. त्यामुळे साध्या, आवरण नसलेल्या केबलमधून दोन उपकरणांच्या अर्थिंगचा थेट संबंध येत नाही. अति उच्च वारंवारतेचा थोडा गोंगाट ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधील धारितेतून पलीकडे जाऊ शकतो, हे खरे. चांगल्या बांधणीचा डॅक तो गाळून टाकतो; सुमार बांधणीच्या डॅकमध्ये तो शिरलाच, तर ॲनालॉग बाजूला उपकरणाने मोजता येतो.

विरोधाभास असा की, ‘वरच्या दर्जाची’ म्हणून विकत घेतलेली धातूच्या आवरणाची केबलच काही वेळा त्रासाचे कारण ठरते. तिच्या दोन्ही टोकांना धातूचे प्लग असतात आणि त्यांतून राउटर व प्लेयर यांची धातूची अंगे एकमेकांना जोडली जातात. दोन्ही उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेली असतील, तर अर्थिंगचे वेटोळे तयार होते आणि स्पीकरमधून भारतातील वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झची व तिच्या पटींतील गुणगुण ऐकू येते. तानपुऱ्याच्या आसेवर चाललेल्या विलंबित आलापीत ही गुणगुण चटकन कळते. ढोलताशांच्या ध्वनिमुद्रणात ती महिनोन्‌महिने लपून राहू शकते. केबल काढताच गुणगुण थांबत असेल, तर दोष वेटोळ्याचा आहे असे समजावे. बिनआवरणाची, प्लास्टिकच्या प्लगची साधी ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ केबल लावणे हा त्यावरील स्वस्त उपाय आहे. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट माहिती वाहून नेते.

मधला तुकडा प्रकाशतंतूचा ठेवला, तर विद्युत संबंध पूर्णच तुटतो, कारण काच वीज वाहत नाही. ध्वनीच्या गोडव्यासाठी नव्हे, तरी दुसऱ्या एका कारणासाठी हा उपाय महाराष्ट्रात विचारात घेण्याजोगा आहे. वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की तांब्याच्या लांब तारेत विद्युतदाब उसळतो आणि राउटरपासून महागड्या प्लेयरपर्यंत एका ओळीत सारी उपकरणे जळू शकतात.

वाय-फाय आणि ब्लूटूथ

नेटवर्कमुळे श्रोत्याला होणारा त्रास बहुतांशी बिनतारी जोडणीचा असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रायः तीनच, १, ६ आणि ११. त्यांतच शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही वर्दळ असते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा असतो, पण सिमेंट-काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी कपाटे त्याला अधिक अडवतात. याचा परिणाम संगीत मध्येच थांबण्यात होतो. खर्ज कमी होणे किंवा तार सप्तक कर्कश होणे असा होत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. अनेक संगीतसेवांमध्ये दर्जाची निवड ‘स्वयंचलित’ ठेवलेली असते. जोडणी मंदावली की ॲप कोणतीही सूचना न देता अधिक आकुंचित, म्हणजे काही माहिती गाळलेली, फाइल मागवते. येथे नेटवर्कमुळे ध्वनी खरोखरच बदलतो, आणि हा बदल केबलविषयीच्या सर्व चर्चेपेक्षा मोठा असूनही त्याची चर्चा फार कमी होते. दर्जाची निवड स्वहस्ते निश्चित केल्यास तो टळतो. तसेच मूळ फाइल अखंड असली तरी मोबाइलवरून स्पीकरपर्यंत ती नेहमीच्या ब्लूटूथने गेल्यास एसबीसीसारख्या पद्धतीने पुन्हा आकुंचित होते. वाय-फायवरून थेट प्लेयरकडे गेल्यास तसे होत नाही.

खास उपकरणे आणि वाद

केवळ संगीतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या नेटवर्क केबल आणि स्विच यांची मोठी बाजारपेठ आहे. काही स्विचमध्ये तापमान स्थिर राखणारी स्फटिक-घड्याळे आणि स्वतंत्र वीजपुरवठा असतो. त्यांची किंमत साध्या स्विचच्या अनेक पट असते. २००८ च्या सुमारास डेनॉन या जपानी कंपनीची एकेडीएल-१ ही दीड मीटरची, ४९९ डॉलर किमतीची केबल आंतरजालावर थट्टेचा विषय झाली. तिच्यावर संकेत कोणत्या दिशेने जावा हे दाखवणारे बाणही होते. न्यायाने हे सांगितले पाहिजे की, ती केबल कंपनीच्या डेनॉन लिंक या स्वतंत्र जोडणीसाठी होती, नेटवर्कच्या पॅकेटांसाठी नव्हे. प्लग मात्र तोच असल्याने हा भेद थट्टेत हरवला.

समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असा की, बिट तेच राहिले तरी गोंगाट डॅकच्या घड्याळापर्यंत पोहोचतो. हा युक्तिवाद भौतिकदृष्ट्या अशक्य नाही, परंतु तो तपासता येतो. दोन वेगवेगळ्या स्विचमधून वाजवलेले एकच ध्वनिमुद्रण डॅकच्या ॲनालॉग बाजूला पुन्हा मुद्रित करून एकातून दुसरे वजा केल्यास, जो काही फरक असेल तो शिल्लक राहतो.

कानाने पारख करायची झाल्यास १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी ध्वनी-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात मांडलेली एबीएक्स चाचणी उपयोगी पडते. तीत श्रोत्याला क आणि ख हे दोन पर्याय ऐकवून, तिसरा अनामिक पर्याय यांपैकी कोणता हे ओळखायला सांगतात; उत्तर चाचणी घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. १६ पैकी १२ उत्तरे केवळ नशिबाने बरोबर येण्याची किंवा त्याहून सरस ठरण्याची शक्यता शंभरात चारहून थोडी कमी असते. किंमत आणि ब्रँड माहीत असताना ऐकलेला फरक खोटा म्हणता येत नाही, कारण श्रोत्याला तो जाणवलेला असतो. पण तो तारेत होता की अपेक्षेत, हे अशा चाचणीशिवाय ठरत नाही.

व्यावसायिक क्षेत्र

ध्वनिमुद्रणगृहे, नाट्यगृहे आणि आकाशवाणी केंद्रांसारख्या प्रसारण केंद्रांतील गरज वेगळी असते. तेथे गायकाच्या तोंडचा स्वर तत्क्षणी पोहोचावा लागतो, त्यामुळे मोठा बफर परवडत नाही. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची दान्ते ही पद्धती आणि २०१३ मधील एईएस६७ हे मानक यांत सर्व उपकरणांची घड्याळे नेटवर्कवरूनच एकमेकांशी जुळवली जातात. एईएस६७ मध्ये नेहमीच्या एका पॅकेटात एक मिलिसेकंदाचा, म्हणजे ४८ नमुन्यांचा ध्वनी असतो. अशा ठिकाणी स्विचची निवड आणि मांडणी खरोखर महत्त्वाची ठरते. उदाहरणार्थ, वीज वाचवण्यासाठी जोडणीला डुलकी घेऊ देणारी सोय बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मांडणी चुकल्यास तेथेही ‘टक्‌’ असा आवाज येतो किंवा ध्वनी तुटतो.

घरातील मांडणी

प्लेयर एका जागी स्थिर असेल तर त्याला तारेने जोडणे आणि संगीतासाठी वाय-फायवर अवलंबून न राहणे, हा सर्वमान्य सल्ला आहे. राउटरचा छोटा अडॅप्टर ॲम्प्लिफायरच्याच एक्स्टेंशन बोर्डावर न लावणे इष्ट, कारण असे अडॅप्टर वीजपुरवठ्यात गोंगाट सोडतात. अनेक घरांत इंटरनेट कंपनीचा राउटर आणि ग्राहकाने स्वतः घेतलेला राउटर असे दोन्ही एकामागे एक चालू असतात. त्यामुळे मोबाइल एका जाळ्यात आणि प्लेयर दुसऱ्या जाळ्यात पडतो व ॲपला प्लेयर सापडत नाही. हा दोष वारंवार उपकरणाच्या माथी मारला जातो. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ या स्वरूपात चालवल्यास सर्व उपकरणे एकाच जाळ्यात येतात.