पनीरचं पाणी आणि मांसाचा मान



नातू जिमला जाऊ लागला आणि घरात व्हे प्रोटीनचा डबा आला. "आजी, मटणाची ताकद आहे यात!" मी कॉमर्सची, आधी हिशोब तपासला.

१९ व्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग सांगत, स्नायू काम करताना स्वतःचंच प्रथिन जाळतात. म्हणून ताकदीला मांस हवं. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक प्रथिन नसलेलं खाऊन स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले. लघवीतल्या नायट्रोजनचं माप घेतलं. जळालेल्या प्रथिनात एवढी चढण बसेना!

१९१० च्या दशकात अमेरिकेत ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर प्रयोग केले (वाचताना जीव हळहळला). मक्यातल्या झेइनवर ते वाढेनात, दुधाच्या प्रथिनांवर वाढले. पुढे १९९१ च्या जागतिक मोजमापात व्हेला पूर्ण १ गुण, गोमांसाला सुमारे ०.९२. मात्र डब्यातले ८० टक्के आणि मांसातले २० टक्के एका रकान्यात मांडू नका. पावडर कोरडी, मांसात बहुतेक पाणीच.

आपला प्रश्न वेगळाच. व्हे म्हणजे बहुधा चीज करताना उरलेलं पाणी, आणि चीजसाठी परंपरेनं वासराच्या जठरातलं रेनेट वापरत. १९९० मध्ये अमेरिकेत सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या रेनेटला परवानगी मिळाली. आपल्या डब्यात कोणतं, हे कंपनीला विचारलंय. उत्तर येईपर्यंत डबा स्वयंपाकघराबाहेर. नातवाला मुगाची धिरडी, आणि लिंबू पिळून केलेल्या पनीरच्या पाण्यात भिजवलेली कणीक. तेही व्हेच की!