खानदेशच्या डोंगरवाटा आणि सोबतीचा कुत्रा

पाटणादेवीच्या रानात, मनुदेवीच्या धबधब्याकडे किंवा लळिंगच्या किल्ल्यावर फिरायला जाताना घरचा कुत्रा बरोबर न्यावा की नाही, या प्रश्नावर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की ही शहरातून आलेली हौस आहे, डोंगराशी तिचा काही संबंध नाही. दुसरा म्हणतो की कुत्रा मुका जीव आहे, त्याला कुठेही जाऊ द्यावं. खानदेशचा इतिहास या दोन्ही मतांच्या विरोधात साक्ष देतो. माणूस आणि कुत्रा मिळून इथल्या घाटांतून शेकडो वर्षं चालत आले आहेत. मात्र ते चालणं कधीच मोकाट नव्हतं. वाट ठरलेली असे, हंगाम ठरलेला असे आणि कुत्रा कोणाचा हे वाटेवरच्या प्रत्येकाला माहीत असे. जनावर किती गुणी, यापेक्षा त्याच्या धन्याचा त्या वाटेवर काय हक्क आणि किती जबाबदारी, यावर कुत्र्याचं डोंगरातलं स्थान ठरत आलं. आजचा वादही त्याच कसोटीवर सोडवता येईल, असं मला वाटतं.

सगळ्यात जुनी, मोठी वाट व्यापाराची. सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगल काळातला राजमार्ग तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबार-थाळनेरच्या बाजूने जाई. धान्य आणि मीठ वाहणारे लमाणांचे बैलांचे तांडे या खोऱ्यातून आणि घाटांतून ये-जा करत. मुक्कामी गोण्यांची थप्पी लागे, बैल सुटत आणि रात्रीची राखण कुत्र्यांकडे असे. त्या कुत्र्याची किंमत काय होती, हे एका आख्यायिकेवरून कळतं. अडचणीतला लमाण आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. कुत्रा चोरीचा माल शोधून देतो, म्हणून सावकार खूश होऊन त्याला सोडतो. पण वचन मोडून पळून आला असं समजून धनी त्याला मारतो आणि मागाहून पस्तावतो. छत्तीसगडमधल्या खपरी गावचं कुकुरदेवाचं देऊळ याच कथेशी जोडलेलं आहे. कथा खरी की खोटी हा मुद्दा नाही. कुत्रा गहाण पडू शकतो, त्याच्यावर कर्ज मिळू शकतं, हे ऐकणाऱ्यांना पटत होतं, यातच त्याच्या कामाची पत दिसते. १८६० च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या वाटेने आगगाडी आली आणि बैलांच्या तांड्यांचा धंदा बसत गेला. तांड्याचा कुत्राही त्याबरोबर घाटातून नाहीसा झाला.

मेंढपाळाचा कुत्रा मात्र टिकला, आणि माझ्या मते या विषयाचा खरा पुरावा तोच आहे. धुळे जिल्ह्यात, विशेषतः साक्री तालुक्यात, ठेलारी समाजाची वस्ती आहे. पाऊस सरला की मेंढरं, बिऱ्हाड आणि कुत्री घेऊन ही माणसं बाहेर पडतात आणि पुढचे कित्येक महिने चालत राहतात. कपाशीची वेचणी आटोपली की पऱ्हाट्यांत मेंढरं शिरतात, पाला खातात. रात्री त्याच शेतात कळप बसवला की जमिनीला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातला हा जुना करार आहे. यात कुत्र्याचं काम नीट समजून घ्यायला हवं. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरचा कॉली मेंढरं वळवतो. आपल्याकडे वळवण्याचं काम माणूसच शीळ घालून, हाक देऊन, काठीने करतो. कुत्रा राखतो. दिवसा तो कळपाच्या कडेने चालतो आणि रात्री लांडग्याची, बिबट्याची चाहूल लागताच भुंकून बिऱ्हाड उठवतो. हिमालयातले गद्दी मेंढपाळ अशा कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा बांधतात, कारण बिबट्या पहिली झडप गळ्यावरच घालतो. राखणीचा कुत्रा कळप सोडून सशामागे धावू लागला तर तो निकामी ठरतो. म्हणजे डोंगरात कुत्र्याने कसं वागावं याची शिस्त वनखात्याच्या जन्माआधीची आहे आणि ती मेंढपाळाच्या पोटातून आलेली आहे. मेंढपाळ धनगरांचा देव खंडोबा; त्याच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये त्या कुत्र्याचं सोंग घेऊन कोटंबा या भिक्षापात्रात भिक्षा घेतात. चालत्या समाजाने आपल्या देवालाही कुत्र्याविना पाहिलं नाही.

तिसरी वाट शिकारीची, आणि इथे इतिहास सरळ नाही. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल तिरकामठा आणि कुत्री घेऊन रानात जात. त्यांचे नाईक घाटांची राखण करत आणि त्याबद्दल गावांकडून हक्क घेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभी केली आणि धरणगावला तिचं ठाणं झालं. १८३४ पर्यंतच्या दहा वर्षांत आउट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेहून अधिक वाघ मारले. चाळीसगाव-कन्नडच्या घाटाला आजही त्याचं नाव आहे. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिरणं, गुरं चारणं आणि शिकार हे गुन्हे झाले. साहेबाला परवाना मिळे. भिल्लाचा आणि त्याच्या कुत्र्याचा रानातला फेरा मात्र चोरी ठरला. हा अन्याय होता. पण त्या अन्यायाच्या आठवणीने आज कुत्र्यानिशी शिकारीचं समर्थन होत नाही. वाघ जवळजवळ गेले, माळढोक गेला, हरणं उरली ती तुकड्या-तुकड्यांत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जनावर पळवणं, हाकणं हीसुद्धा शिकारच मानली आहे, आणि उरलेलं रान पाहता ते योग्यच आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, मग कुत्र्याला डोंगर सरसकट बंद का नको? आक्षेपात तथ्य आहे. १९९४ मध्ये सेरेनगेटीत कुत्र्यांकडून पसरणाऱ्या डिस्टेंपर रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांतही त्याच विषाणूने बळी घेतले. यावल (१९६९), अनेर आणि गौताळा-औट्रमघाट (दोन्ही १९८६) या अभयारण्यांत बिबट्या, कोल्हा अशी त्याच रोगाला बळी पडणारी जनावरं आहेत. पाटणादेवी गौताळ्याच्याच हद्दीत येते. तिथे घरचा कुत्रा नेऊ नये, हे मला निर्विवाद वाटतं. पण अभयारण्याची रेघ म्हणजे सगळा डोंगर नव्हे. गायरानं, गावशिवाराच्या टेकड्या, कुरणांच्या कडेच्या गाडीवाटा, जुने घाटरस्ते इथे मेंढपाळाची कुत्री आजही चालतात आणि त्यांनी रान संपवलं नाही. रानाला उपद्रव होतो तो बहुतेक गावउकिरड्यावर वाढलेल्या, कोणाच्याच नसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्यांचा. धनी नसणं हाच तिथला रोग आहे.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: मेंढपाळाचा कुत्रा कामाचा, शहरातला हौसेचा, एकाचा हक्क दुसऱ्याला कसा मिळेल? मिळू नये, हे मान्य. हक्क मेंढपाळाचाच. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर मान्य केला आहे, आणि कुत्र्याशिवाय तो वापर अर्धाच राहतो. फिरायला जाणारा त्या वाटेवर पाहुणा आहे, आणि पाहुण्याने यजमानाची शिस्त पाळायची असते. इंग्लंड-वेल्समध्ये २००० सालच्या कायद्याने माळरानं लोकांना फिरायला खुली केली. तिथेही १ मार्च ते ३१ जुलै या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, आणि पाळीव जनावरांजवळ तर बारा महिने, कुत्रा आखूड दोरीने बांधलेला हवा. तो मुलूखही मेंढरांचाच आहे. आपल्याकडचा हंगाम वेगळा आहे. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत माळावर टिटवी-चंडोलाची घरटी असतात आणि दिवाळीनंतर शिवारात कळप उतरतात. म्हणून दोरी, लस आणि धनी जवळ असणं या तीन गोष्टी खानदेशच्या माळावर कोणत्याही ऋतूत सुटता कामा नयेत. समोरून कळप आला तर वाट सोडून खालच्या अंगाला उभं राहावं. राखणीचा कुत्रा अनोळखी कुत्र्याला लांडग्यासारखाच समजतो, आणि तिथे चूक त्याची नसते.

खानदेशच्या पर्यटनाचे नकाशे काढताना धबधबे, किल्ले, देवळं दाखवली जातात; मेंढरांच्या वाटा आणि त्यांचे मुक्काम दाखवले जात नाहीत. साक्री-पिंपळनेरकडून तापीच्या काठापर्यंतच्या या वाटा ठेलारी कुटुंबांना पाठ आहेत, पण कुरणं मोडून नांगराखाली गेली, कुंपणं पडली, रस्ते चौपदरी झाले, तसतशा त्या तुटत आहेत. त्या कागदावर आल्या तर वनहक्काच्या दाव्याला आधार मिळेल, आणि कुत्रा घेऊन निघणाऱ्यालाही कुठे जायचं आणि कुठून मागे फिरायचं हे कळेल.