पोर्तुगीज न्याहारी

पोर्तुगीज न्याहारी हा पोर्तुगालमधील सकाळचा साधा आहार आहे. पाव, लोणी आणि दूध घातलेली कॉफी हे तिचे मुख्य घटक असून आवडीप्रमाणे चीज, गोड वडी किंवा फळ सोबत घेतले जाते. पोर्तुगीज भाषेत तिला 'पेकेनु आल्मोसु' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'दुपारचे लहान जेवण' असा होतो. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची दीर्घकाळ सत्ता होती. या न्याहारीतील प्रमुख पदार्थाचे नाव मराठीत 'पाव' या रूपाने रूढ आहे.

रायगड किनाऱ्याशी संबंध

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने चौल येथे, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, कोट बांधण्यास आरंभ केला. खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये जिंकला. १७४० च्या तहानंतर हा प्रदेश मराठ्यांकडे आला. कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज मात्र पोर्तुगीजवर आधारलेली 'नौ लिंग' ही मिश्रभाषा आजही बोलतो. मराठीतील बटाटा, काजू, चावी, पगार हे शब्दही पोर्तुगीजमधून आलेले आहेत.

पाव आणि समाज

पाव हा पूर्वी केवळ खाद्यपदार्थ मानला जात नसे. पाव खाल्ल्याने माणूस बाटतो, अशी समजूत हिंदू समाजात होती. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा उत्तर कोकणात सांगितल्या जातात. जातिभेद मोडण्यासाठी १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. ही सभा गुप्तपणे चालत असे. पुढे तोच पाव मिसळ, उसळ आणि वड्यासोबत महाराष्ट्रात सर्वत्र खाल्ला जाऊ लागला.

साहित्य

* मैदा ५०० ग्रॅम
* कोमट पाणी सुमारे ३०० मिलिलिटर
* कोरडे यीस्ट ७ ग्रॅम
* मीठ १० ग्रॅम
* लोणी, कॉफी, दूध व साखर आवश्यकतेनुसार

कृती

मैदा, यीस्ट, मीठ व पाणी एकत्र करून पीठ दहा मिनिटे मळतात आणि दुप्पट होईपर्यंत, साधारण एक तास, झाकून ठेवतात. त्याचे दहा गोळे करून ते किंचित चपटे करतात. तळहाताच्या कडेने मध्यभागी खोल खाच पाडून गोळा दुमडतात व दोन्ही टोके चिमटीने निमुळती करतात. अर्ध्या तासाने २२० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत पंधरा ते वीस मिनिटे भाजतात. आरंभी भट्टीत पाण्याचे पसरट भांडे ठेवल्यास वाफेमुळे कवच कुरकुरीत होते. या पावाला पोर्तुगालमध्ये 'पापु-सेकु' म्हणतात. लादीपाव एकमेकांना चिकटवून भाजत असल्याने त्याच्या बाजू मऊ राहतात; पापु-सेकु सुटे भाजतात. भट्टी नसल्यास बेकरीतील पाव आडवा कापून लोण्यासह तव्यावर खरपूस भाजला तरी चालतो.

कडक कॉफी व गरम दूध समप्रमाणात कपात घेतात. उंच पेल्यात एक भाग कॉफी व तीन भाग दूध घेतल्यास त्या पेयाला 'गालांव' म्हणतात.

स्थानिक रूपे

पोर्तुगालमध्ये पावासोबत बिही या फळाची घट्ट वडी, 'मार्मेलाडा', खातात. गोव्यात तिच्या धर्तीवर पेरूची वडी केली जाते; तिला 'पेराद' म्हणतात. गोव्यातील पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'पादैरु' यापासून आला आहे. तेथे पूर्वी पावाचे पीठ फुगवण्यासाठी यीस्टऐवजी माडाची ताडी वापरत.

हे सुद्धा पहा

* कोर्लई किल्ला
* चौल
* परमहंस सभा
* वडापाव