मातीची पायरी आणि सामाईक भिंत

‘टेरेस’ हा शब्द मराठी घरात शिरला तो गच्चीचा अर्थ घेऊन. वाळवण घालावे, उन्हाळ्याच्या रात्री अंथरूण पसरावे, ती टेरेस. इंग्लंडात मात्र या शब्दासरशी डोळ्यांपुढे उभी राहते ती भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांची रांग. आणि शेतकऱ्याच्या लेखी टेरेस म्हणजे डोंगरउतारावर पायरीसारखे सपाट केलेले शेत. या तिन्ही अर्थांचे मूळ एकच. लॅटिन भाषेतील ‘टेरा’ म्हणजे माती. मातीचा भराव घालून सपाट केलेली जागा, हा या शब्दाचा पहिला अर्थ होय.

फिलिपिन्समधील इफुगाव लोकांनी हा अर्थ डोंगरावर साकार केला. उभ्या उतारावर दगडमातीचे बांध घालून त्यांनी भातखाचरे रचली. माथ्यावरचे रान पाणी धरून ठेवते, पाटांनी ते वरच्या खाचरात येते आणि तेथून पायरीपायरीने खाली उतरते. वरच्याने बांध राखला नाही, तर खालच्याचे पीक मातीखाली जाते. १९९५ साली युनेस्कोने या शेतांना जागतिक वारसा मानले. परंतु तरुण शहराकडे वळले, बांध ढासळू लागले, आणि २००१ साली हाच वारसा धोक्यात असल्याचे जाहीर करावे लागले. दुरुस्तीनंतर २०१२ साली त्याचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले.

घरांची कथाही अशीच आहे. १७६८ पासून अ‍ॅडम बंधूंनी लंडनला थेम्सच्या उतरत्या काठावर कमानी उभारून जागा सपाट केली आणि तिच्यावर घरांची रांग बांधली. तिचे नाव ‘रॉयल टेरेस’. श्रीमंतांची ही रचना पुढे कामगारवस्तीत आली, तेव्हा पाठीला पाठ लावलेल्या कोंदट घरांनी रोगराईस आमंत्रण दिले. १८७५ च्या कायद्याने रस्त्यांची रुंदी, गटारे व हवा यांविषयी नियम करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. १९०९ मध्ये पाठीला पाठ लावून नवी घरे बांधण्यास बंदी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशा कित्येक रांगा पाडल्या गेल्या. माणसांना नवी, हवेशीर घरे मिळाली. पण मायकेल यंग आणि पीटर विल्मट यांनी १९५७ साली पूर्व लंडनविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, दूरच्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांचे आईशी, बहिणींशी आणि जुन्या शेजाऱ्यांशी असलेले रोजचे येणेजाणे तुटले. घर सुधारले, शेजार मात्र हरपला.

खाचराचा बांध काय किंवा दोन घरांमधली सामाईक भिंत काय, ती एकट्याची कधीच नसते. ती ढासळली तर दोघांचेही नुकसान होते. म्हणूनच ती राखण्याचे कामही दोघांचेच ठरते.