आधी सांगाडा, मग ग्रंथ

मोठा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ लिहीत जातात, असा आपला समज असतो. खरे तर आधी त्याचा सांगाडा उभा राहतो. हल्ली इथे जोगेश्वरीत बसून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी संगणकावर जुळवतो आहे, त्यामुळे हा विषय डोक्यात घोळतो आहे.

मराठीतली दोन मोठी उदाहरणे पाहा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० च्या दशकात २३ खंडांत निघाला. पण अकारविल्हे नोंदी सुरू करण्याआधी केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड काढले. दुसरे उदाहरण वाईच्या मराठी विश्वकोशाचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. तिथेही आधी १९७३ साली परिभाषासंग्रह आला, मग १९७६ साली पहिला खंड. विसावा खंड पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडले. १९७६ साली दहा वर्षांच्या ज्या मुलाने पहिला खंड चाळला असेल, तो तेव्हा ४९ वर्षांचा झाला होता. तर्कतीर्थ तर १९९४ सालीच गेले.

अकारविल्हे कोशात अडचण अशी, की 'अ'चा खंड बांधून झाला की राहून गेलेली नोंद त्यात घुसवता येत नाही. म्हणून नोंदींची यादी आधीच पक्की करावी लागते, आणि ती चार जाणत्यांच्या नजरेखालून जावी लागते.

संगणकाने हे काम सोपे केले. डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पडद्यावरची यादी मिटवून आणि उलगडून दाखवली होती. तीच कल्पना वर्डच्या 'आउटलाइन व्ह्यू'मध्ये आहे. माझ्या कामात घराणे हा पहिला स्तर, शाखा दुसरा, पिढी तिसरा. प्रत्येक शाखेची फाइल वेगळी, आणि त्या सगळ्यांना बांधणारे एक 'मास्टर डॉक्युमेंट'.

छापताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आउटलाइनमध्ये मजकूर मिटवून छापण्याची आज्ञा दिली, तर पडद्यावर दिसतात तेवढे मथळेच कागदावर येतात. संपूर्ण ग्रंथ हवा असेल तर आधी सगळ्या उप-फाइली उलगडायच्या, मग 'प्रिंट लेआउट'मध्ये जाऊन छापायचे. पहिल्याने चार पाने होतात, दुसऱ्याने चारशे.

मला विचाराल तर ती चार पानेच आधी छापावीत. आमच्या ९३ वर्षांच्या आत्यांना पडद्यावरचे दिसत नाही, आणि चारशे पाने कोण वाचणार? मथळ्यांचा कागद मात्र त्यांनी भिंग घेऊन वाचला आणि विचारले, "अरे, देवरुखच्या काकांची शाखा कुठे आहे यात?" ती शाखा आता त्यांच्याखेरीज कुणालाच आठवत नव्हती. दोन दुपारी बसून त्यांनी अकरा नावे सांगितली.

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती, की ग्रंथ पुरा होण्याची वाट पाहू नका. मथळ्यांची चार पाने मागवून घ्या आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवा. कोण राहिले ते तेच सांगतील. छपाई थांबू शकते, ती माणसे थांबतीलच असे नाही.